गिऱ्हाइकाची सोय : खर्च की गुंतवणूक?

व्यापारी वर्गात एक जुनी समजूत आहे. माल चांगला असावा, भाव वाजवी असावा आणि जबान पक्की असावी, मग गिऱ्हाईक आपोआप येते. ही समजूत खोटी नाही. परंतु आजच्या बाजारात ती अपुरी पडू लागली आहे. एकाच गिरणीचा एकच माल, एकाच भावाने विकणारी दोन दुकाने शेजारी शेजारी असतात. एकाकडे गर्दी असते, दुसरा माशा मारीत बसतो. बारकाईने पाहिले तर फरक मालात नसतो, गिऱ्हाइकाच्या सोयीत असतो. पहिल्या दुकानात ताग्यावर भाव आणि पन्हा लिहिलेला असतो, बिल लवकर होते, बदलून देण्याचा नियम भिंतीवर लावलेला असतो. दुसऱ्याकडे प्रत्येक गोष्ट विचारावी लागते.

या सोयीलाच आता एका स्वतंत्र विद्येचे रूप आले आहे. इंग्रजीत तिला 'यूजर एक्सपीरियन्स डिझाइन' म्हणतात, थोडक्यात 'यूएक्स'. आपल्या भाषेत सांगायचे तर, वस्तू वापरणाऱ्याला किंवा खरेदी करणाऱ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत काय अनुभव येईल याची आधीच विचारपूर्वक आखणी करणे. मोठ्या कंपन्या या कामासाठी पगारी माणसे ठेवतात. आपल्यातील पुष्कळ व्यापारी मात्र याला चैनीचा खर्च समजतात. तो चैनीचा खर्च आहे की नफ्याची गुंतवणूक, हे आम्ही या लेखात काही खऱ्या उदाहरणांवरून तपासणार आहोत.

ही विद्या आली कोठून?

'यूजर एक्सपीरियन्स' हा शब्द १९९३ च्या सुमारास अमेरिकेतील डॉन नॉर्मन यांनी अ‍ॅपल कंपनीत काम करताना रूढ केला. नॉर्मन हे मूळचे मानसशास्त्राचे प्राध्यापक. रोजच्या वापरातील वस्तूंवर त्यांनी १९८८ मध्ये एक पुस्तक लिहिले. त्यांचा मुख्य मुद्दा साधा आहे. दार ढकलायचे की ओढायचे हे माणसाला कळत नसेल, तर दोष माणसाचा नाही, दार बनवणाऱ्याचा आहे. व्यापाऱ्याने हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा. कारण गिऱ्हाईक गोंधळले की 'याला काही समजत नाही' असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. गिऱ्हाईक वाद घालत नाही, निघून जाते. नुकसान आपले होते.

सजावट म्हणजे सोय नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिझाइन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंग, चकचकाट आणि झगमगाट येतो. याचे सर्वांत महागडे उदाहरण कपड्याच्याच धंद्यातील आहे. लंडनमध्ये बू डॉट कॉम या नावाची कंपनी निघाली. फॅशनचे कपडे इंटरनेटवर विकणे हा तिचा धंदा. नोव्हेंबर १९९९ मध्ये तिचे दुकान सुरू झाले. पडद्यावर कपडा चहूबाजूंनी फिरवून दाखवण्याची व्यवस्था होती, गिऱ्हाइकाशी बोलणारी एक चित्रातली मुलगी होती. दिसायला सारे फार देखणे होते. पण त्या काळी लोकांच्या घरी टेलिफोनच्या तारेवर चालणारे संथ इंटरनेट होते. पाने उघडता उघडत नसत, काही संगणकांवर तर दुकान चालतच नसे. मे २००० मध्ये, म्हणजे सुमारे सहा महिन्यांत, कंपनी बुडाली. गुंतवणूकदारांचे सुमारे १३.५ कोटी डॉलर त्यात गेले.

कंपनी बुडण्याला बेसुमार खर्च आणि इतरही कारणे होती. तरी व्यापाऱ्याने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. दुकान सजवण्यावर पैसा गेला, पण गिऱ्हाइकाच्या घरी कोणते साधन आहे हे पाहिले गेले नाही. आज हाच प्रकार लहान प्रमाणात आपल्याकडेही घडतो. एखादा व्यापारी कोणाच्या सांगण्यावरून हजारो रुपये देऊन वेबसाइट बनवून घेतो. पहिल्या पानावर मोठमोठी चित्रे फिरत असतात, आणि कापडाचा भाव, पन्हा व फोन नंबर शोधूनही सापडत नाही.

एका रकान्याची किंमत

आता उलट बाजू पाहू. प्रवासाची तिकिटे विकणारी एक्सपीडिया ही अमेरिकन कंपनी. तिच्या असे ध्यानात आले की अनेक लोक खरेदीचे बटण दाबतात, पण पैसे वळते होत नाहीत. शोध घेतला तेव्हा कारण सापडले. पैसे भरण्याच्या फॉर्ममध्ये 'कंपनी' असा एक रकाना होता. काही लोक त्यात आपल्या बँकेचे नाव लिहीत, आणि मग पत्त्याच्या जागीही बँकेचाच पत्ता देत. कार्डावरचा पत्ता जुळत नसे आणि व्यवहार नाकारला जाई. कंपनीने तो रकाना काढून टाकला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार, या एका बदलामुळे वर्षाला १.२ कोटी डॉलरचा नफा वाढला. भाव कमी केला नाही, माल बदलला नाही, जाहिरात वाढवली नाही.

दुसरे उदाहरण या क्षेत्रातील जाणकार जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये लिहिले. दुकानाचे नाव त्यांनी सांगितले नाही. इंटरनेटवरील एका मोठ्या दुकानात माल टोपलीत टाकल्यावर पैसे भरण्याआधी खाते उघडण्याची सक्ती होती. नवीन गिऱ्हाईक वैतागत असे आणि जुने गिऱ्हाईक पासवर्ड विसरलेले असे. रोज सुमारे १ लाख ६० हजार लोक पासवर्ड मागत आणि त्यांतील ७५ टक्के लोक खरेदी पुरी न करताच जात. दुकानाने 'नोंदणी करा' हे बटण काढून तेथे 'पुढे चला' असे बटण ठेवले आणि खाते उघडणे आवश्यक नाही, अशी दोन ओळींची सूचना लिहिली. खरेदी पुरी करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरने वाढली, असे स्पूल यांनी नमूद केले आहे.

या दोन उदाहरणांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खर्च बटण बदलण्यावर झाला नाही, बटण बदलण्याला कितीसा पैसा लागतो? खर्च झाला तो गिऱ्हाईक नेमके कोठे अडखळते हे शोधण्यावर. गुंतवणूक करायची ती या शोधात.

हिशेब कसा मांडावा?

आपण व्यापारी माणसे, हिशेब पाहिल्याशिवाय पटत नाही. म्हणून एक कल्पित हिशेब मांडू. समजा, एका दुकानदाराने जाहिरातीवर १० हजार रुपये खर्च केले. १,००० माणसांनी त्याचा माल फोनवर पाहिला आणि २० जणांनी खरेदी केली. म्हणजे एक गिऱ्हाईक ५०० रुपयांना पडले. आता विक्री दुप्पट करायची आहे. एक मार्ग, जाहिरातीवर २० हजार खर्च करणे. तरीही गिऱ्हाईक ५०० रुपयांनाच पडेल, आणि दर महिन्याला तेवढेच पैसे पुन्हा घालावे लागतील. दुसरा मार्ग, जे ९८० लोक पाहून परत गेले ते का गेले हे शोधणे. त्यांतील फक्त २० लोक थांबले तरी विक्री दुप्पट होते आणि गिऱ्हाईक २५० रुपयांना पडते. जाहिरात बंद केली की तिचा परिणाम संपतो. सोय एकदा केली की थोड्या देखभालीवर पुढे चालत राहते.

मोठ्या प्रमाणावरचा एक अभ्यासही उपलब्ध आहे. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१८ मध्ये ३०० कंपन्यांचा पाच वर्षांचा हिशेब तपासून अहवाल काढला. डिझाइनच्या कामात जो वरचा पाव हिस्सा होता, त्या कंपन्यांच्या उत्पन्नाची वाढ त्याच धंद्यातील इतरांपेक्षा ३२ टक्के-अंकांनी अधिक होती. असे आकडे वाचताना सावधगिरी मात्र ठेवावी. ज्या कंपनीचा धंदा आधीच चांगला चालतो, तिच्याकडे डिझाइनवर खर्च करायला पैसाही अधिक असतो. तेव्हा सारी वाढ डिझाइनमुळेच झाली असे म्हणता येणार नाही. पण त्याच अहवालातील दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. पाहणीतील ४० टक्क्यांहून अधिक कंपन्या नवी वस्तू तयार करताना ती वापरणाऱ्या माणसांशी बोलतच नव्हत्या. मोठमोठ्यांची ही स्थिती असेल, तर गिऱ्हाइकाशी रोज समोरासमोर बोलणारा लहान दुकानदार याबाबतीत त्यांच्या पुढे आहे. फक्त त्याने ऐकलेले लिहून ठेवले पाहिजे.

गैरसोयीची किंमत

सोय केली नाही तर किती फटका बसतो, याचे उदाहरण सिटीबँकेचे आहे. रेव्हलॉन ही सौंदर्यप्रसाधनांची अमेरिकन कंपनी. तिच्या कर्जाचे व्याज, सुमारे ७८ लाख डॉलर, कर्ज देणाऱ्यांना पाठवण्याचे काम सिटीबँकेकडे होते. ऑगस्ट २०२० मध्ये व्याजाऐवजी जवळजवळ ९० कोटी डॉलर रवाना झाले. बँकेच्या संगणकाचा पडदा जुन्या धाटणीचा होता. मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून तीन वेगवेगळ्या चौकटींत खूण करणे आवश्यक होते, पण एकाच चौकटीत खूण झाली. तीन माणसांनी तपासूनही चूक कोणाच्या लक्षात आली नाही, कारण तिघांनाही पडद्याचा अर्थ एकसारखाच चुकीचा लागला होता. सुमारे ५० कोटी डॉलर परत देण्यास लोकांनी नकार दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाचा निकाल बँकेच्या विरुद्ध गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला तेव्हा बँकेचा जीव भांड्यात पडला.

आपल्या पेढीवर कोट्यवधी डॉलर नसतात. पण मालाच्या दोन क्वालिटींचे नंबर सारखे दिसावेत आणि गुमास्त्याने उंची माल हलक्याच्या भावात बिल करावा, हा त्याच जातीचा अपघात आहे. अशा वेळी गुमास्त्याला रागावण्याआधी नंबर देण्याची पद्धत तपासून पाहावी.

बोलका डबा

आपल्या देशातील उत्तम उदाहरण आता जवळजवळ प्रत्येक गल्ल्यावर ठेवलेले दिसते. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. क्यूआर कोडचा कागद चिकटवला की पैसे घेता येऊ लागले. तो कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये काढला होता, तोही मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी. पैसे देणाऱ्याची सोय झाली, पण घेणाऱ्याची अडचण तशीच राहिली. गर्दीच्या वेळी हातात गज किंवा कात्री असताना दुकानदाराने प्रत्येक वेळी मोबाइल उघडून संदेश कसा पाहावा? कोणी खोटा फोटो दाखवून निघून गेला तर काय करावे?

यावर २०१९ पासून बोलका डबा बाजारात आला. पैसे जमा झाले की तो रक्कम मोठ्याने सांगतो, मराठीतही सांगतो. मोबाइल उघडावा लागत नाही, इंग्रजी वाचावी लागत नाही. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना काय आणि अंगठा लावणाऱ्या भाजीवाल्याला काय, डबा सारखाच कळतो. ज्या व्यवहारात दुकानदार एक पैसा द्यायला तयार नसतो, त्याच व्यवहारासाठी तो या डब्याचे महिन्याचे भाडे देतो. अडचण खरी असेल आणि तोडगा सोपा असेल, तर माणूस सोयीचे मोल खुशीने देतो, हे यावरून सिद्ध होते.

कारागिरांसाठी एक सोलणे

ही विद्या केवळ संगणकवाल्यांची आहे, असे कारागीर बंधूंनी समजू नये. अमेरिकेतील सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवात होता. भाजी सोलण्याचे पातळ लोखंडी सोलणे त्यांना धरवत नसे. फार्बर यांनी जाड, मऊ रबरी मुठीचे सोलणे तयार करवून घेतले आणि १९९० मध्ये ऑक्सो या नावाने स्वयंपाकघरातील अवजारे बाजारात आणली. साध्या सोलण्यापेक्षा ते महाग होते, तरी खपले. कारण दुखऱ्या हाताला जे सोपे पडते ते धडधाकट हाताला तर अधिकच सोपे पडते. पाते साऱ्यांचेच कापत होते, नवीन होती ती मूठ.

कात्री, अडकित्ता, चामड्याची बॅग, बुरखा, कुर्ता, काहीही बनवणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारावा. माझी वस्तू वापरताना सर्वांत जास्त त्रास कोणाला होतो? वयस्कर बाईला बुरख्याची बटणे लावता येतात का? मूल कडेवर असताना बॅगेची चेन एका हाताने उघडते का? उत्तर शोधणाऱ्याला भाव कमी करून स्पर्धा करावी लागत नाही.

आपण काय करावे?

१) पाच माणसांना पाहा. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० मध्ये असे मांडले की एकाच प्रकारच्या पाच माणसांना वस्तू वापरताना पाहिले तर सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. आपल्या ओळखीच्या पाच जणांना आपल्या पानावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून माल मागवायला सांगा. मध्ये बोलू नका, मदत करू नका. कोठे अडले तेवढे वहीत लिहा.

२) भाव लपवू नका. फोटोखाली 'भावासाठी वेगळा मेसेज करा' लिहिण्याची आपल्याकडे चाल आहे. घाऊक भाव उघड करायचा नसेल तर समजू शकते. पण किरकोळ गिऱ्हाइकाला भाव, पन्हा, सुताची जात, धुण्याची रीत आणि पाठवण्याचा खर्च एकाच ठिकाणी दिसला पाहिजे. इंटरनेटवर टोपलीत टाकलेल्या दर १० खरेद्यांपैकी सुमारे ७ अर्धवट सोडल्या जातात, आणि शेवटी अचानक वाढलेला खर्च हे त्याचे पहिले कारण ठरले आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये २०१९ पासून कॅटलॉगची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

३) माप इंचांत द्या. 'एल' आणि 'एक्स एल' प्रत्येक कारखान्यात वेगळे असते. छाती, लांबी, बाही, खांदा यांची मापे लिहा. शिवलेल्या मालावर फीत ठेवून फोटो काढला तर आणखी चांगले. तयार कपडे परत येण्याचे मोठे कारण माप असते आणि जाण्या-येण्याचे भाडे बहुधा विकणाऱ्याच्या माथी बसते.

४) परत आलेल्या मालाची वही ठेवा. तारीख, माल आणि कारण असे तीन रकाने पुरेत. तीन महिन्यांनी वही उघडली की पैसा कोठे घालावा हे तीच सांगेल.

५) वेबसाइट बनवणाऱ्याशी ठराव नीट करा. साध्या मोबाइलवर आणि कमी नेटवर्कमध्ये पान उघडले पाहिजे, मजकूर मराठीत व उर्दूत असला पाहिजे, पाच गिऱ्हाइकांकडून चाचणी झाल्यावरच शेवटचा हप्ता दिला जाईल, असे आधीच लिहून घ्या. भाव आणि चित्रे बदलण्याचे काम आपल्या मुलाला शिकवून घ्या, म्हणजे दर वेळी दुसऱ्याच्या दारात जावे लागणार नाही.

६) क्रम चुकवू नका. आधी अडचण शोधा, मग ती दूर करा, त्यानंतर सजावट, आणि जाहिरात सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुधा उलट क्रमाने पैसा जातो.

सोय आणि फसवणूक

एक इशारा देणे आवश्यक आहे. गिऱ्हाइकाचे मन कसे चालते हे ज्याला कळले, तो त्याची सोयही करू शकतो आणि त्याला फसवूही शकतो. न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणे, 'फक्त दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई लावणे, नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणे, वर्गणी सुरू करणे सोपे पण बंद करणे अवघड ठेवणे, या साऱ्या युक्त्या बाजारात आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा १३ प्रकारांना मनाई केली आहे. कायदा आता आला, पण मालाचा ऐब झाकून विकलेल्या पैशात बरकत नसते हे आपल्या वडिलधाऱ्यांनी केव्हाच शिकवले आहे. ताग्यातील डाग स्वतः उलगडून दाखवणारा व्यापारी आणि पडद्यावर सारा खर्च आधीच सांगणारा व्यापारी एकाच जातीचे आहेत.

सारांश

सोयीवर घातलेला पैसा तीन बाजूंनी परत येतो. अर्धवट सुटणारी गिऱ्हाइके थांबतात, माल परत येण्याचा आणि चुकांचा खर्च घटतो, आणि भाव न पाडता माल विकता येतो. मोठ्या भांडवलाशी आपण जाहिरातीत स्पर्धा करू शकत नाही, सुटीच्या भावातही करू शकत नाही. परंतु गिऱ्हाईक समोर उभे असते, त्याची अडचण आपल्याला त्याच्याच तोंडून कळते, हे भांडवल आपल्याकडे त्यांच्यापेक्षा अधिक आहे. व्यापारी व कारागीर बंधूंनी या महिन्यात पाच गिऱ्हाइकांवर हा प्रयोग अवश्य करून पाहावा. खर्च एका वहीचा आणि थोड्या सब्राचा आहे.